‘सूत्रांनी सांगितले’ म्हणजे नेमके कोणी सांगितले?

नवा फोन किंवा लॅपटॉप बाजारात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याची जाडी, कॅमेऱ्यांची संख्या, किंमत, सगळे बातम्यांत येऊन जाते. बातमीत कुठेतरी एक वाक्य असते : ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’. ते वाक्य ओलांडून आपण पुढे जातो. पण सूत्र म्हणजे एक माणूस असतो. तो कुठल्या तरी कंपनीत नोकरीला असतो, नोकरीला लागताना त्याने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि त्याच्या घराचे हप्ते चालू असतात. पत्रकार त्याच्याकडे माहिती मागतो तेव्हा त्याच्याकडून नेमके काय मागत असतो, हे या लेखात पाहू.

आपल्यापैकी कितीतरी तरुण-तरुणी आज पुण्यात, बंगळुरूत आणि परदेशातही संगणक कंपन्यांत काम करतात. चळवळीत काम करणाऱ्यांकडे तर कार्यालयातल्या, वसतिगृहातल्या, कारखान्यातल्या गोष्टी रोज येतात आणि सोबत एक विनंती येते : ‘नाव कुठे येऊ देऊ नका.’ म्हणूनच या विषयाकडे आम्ही वळलो. उदाहरणे मात्र मुख्यतः अमेरिकेतली, कॅलिफोर्नियातली घेतली आहेत. कारण येऊ घातलेल्या संगणकांच्या साध्या अफवांवरून तिथे जे खटले उभे राहिले, त्यांतून या प्रश्नाच्या बहुतेक बाजू उघड झाल्या.

माहिती मागण्याची तऱ्हा

अशी माहिती उघडपणे मागण्याची पद्धत जुनी आहे. ‘मॅकवीक’ नावाच्या अमेरिकी साप्ताहिकात ‘मॅक द नाइफ’ या टोपणनावाने अफवांचे सदर चालायचे आणि खबर देणाऱ्याला सदराचा खास कॉफी मग मिळायचा. आज मगाच्या जागी संकेतस्थळावरचा ‘आम्हाला कळवा’ असा चौकोन, एक ईमेल पत्ता आणि सिग्नलचा नंबर असतो. मोठी वृत्तपत्रे ‘सिक्युअरड्रॉप’ ही व्यवस्था वापरतात. तिचा पहिला अवतार २०१३ साली ‘न्यूयॉर्कर’ने सुरू केला. अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुणाने तिच्या उभारणीत मोठा वाटा उचलला होता, पण ती सुरू झालेली पाहायला तो उरला नव्हता.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. निनावी सूत्र म्हणजे ज्याचे नाव पत्रकारालाही ठाऊक नाही. गोपनीय सूत्र म्हणजे ज्याचे नाव पत्रकाराला ठाऊक आहे, पण छापायचे नाही असे ठरले आहे. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात, कामाच्या दृष्टीने मात्र फार फरक आहे. निनावी माणसाचे नाव पत्रकार चुकूनही फोडू शकत नाही, पण तो खरा आहे की बनावट हेही त्याला कळत नाही. गोपनीय सूत्राला पत्रकार पारखून घेऊ शकतो, पण मग त्या नावाचे ओझे आयुष्यभर त्याच्या डोक्यावर राहते.

लोक सांगतात ते का? प्रत्येक वेळी अन्याय उघड करण्यासाठी नाही. कुणाला आपण काय घडवतोय हे जगाला दाखवायचे असते, कुणाचा वरिष्ठावर राग असतो, कुणाला नुसती महत्त्वाच्या माणसाशी बोलण्याची मजा वाटते. आणि कधी कधी सांगणारी खुद्द कंपनीच असते. अ‍ॅपलमध्ये विपणन विभागात वरिष्ठ पदावर काम केलेल्या जॉन मार्टेलारो यांनी जानेवारी २०१० मध्ये लिहिले होते की कंपनी ठरवून माहिती बाहेर सोडते. वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसाला सांगतो, तो ओळखीच्या पत्रकाराला फोन करतो, ईमेल मात्र करायचा नाही. किंमत ऐकून लोक काय म्हणतात याचा अंदाज घ्यायला हे सोयीचे पडते. म्हणजे छापलेला शब्द तोच, ‘सूत्र’, पण एकदा त्यामागे घाबरलेला कर्मचारी असतो आणि एकदा कंपनीचा जाहिरात विभाग.

चांगला पत्रकार म्हणून एका सूत्रावर थांबत नाही. तो आधी सरकारी कागद बघतो. अमेरिकेत रेडिओ लहरी वापरणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंद तिथल्या दळणवळण आयोगाकडे करावी लागते. अ‍ॅपलच्या नव्या यंत्रांचे मॉडेल क्रमांक युरेशियन आर्थिक आयोगाच्या नोंदींत अनेकदा आधीच सापडले आहेत. २०१७ साली तर अ‍ॅपलने होमपॉड या स्पीकरसाठीची संगणकीय आज्ञावली चुकून वेळेआधी खुली केली आणि तीत नव्या आयफोनच्या समोरच्या भागाची बाह्यरेषा मिळाली. कुणाचीही नोकरी धोक्यात न घालता मिळालेली बातमी! माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून जे मिळू शकते त्यासाठी आत काम करणाऱ्या माणसाला पुढे करू नये, असे आम्ही आमच्या तरुण वार्ताहरांना सांगतो ते यामुळेच.

‘अ‍ॅस्टेरॉइड’चा खटला

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘पॉवरपेज’ आणि ‘अ‍ॅपलइन्सायडर’ या दोन छोट्या संकेतस्थळांनी बातम्या दिल्या की अ‍ॅपल ‘अ‍ॅस्टेरॉइड’ या सांकेतिक नावाने एक जोडयंत्र तयार करत आहे. गिटार किंवा माइक त्यात जोडायचा, ते संगणकाला जोडायचे आणि गॅरेजबँड या सॉफ्टवेअरमध्ये गाणे ध्वनिमुद्रित करायचे. बस, एवढेच. कुणाचा जीव धोक्यात नव्हता, कुठला घोटाळा नव्हता.

अ‍ॅपलने डिसेंबर २००४ मध्ये सँटा क्लारा परगण्याच्या न्यायालयात दावा लावला. माहिती फोडणारे कर्मचारी कोण हे माहीत नसल्याने अज्ञात व्यक्तींना प्रतिवादी केले. माहिती गोपनीय असा शिक्का असलेल्या अंतर्गत सादरीकरणातून गेली, असे कंपनीचे म्हणणे होते. मग ती नावे मिळवायची कशी? पॉवरपेजचे जेसन ओ’ग्रेडी यांनी ती सहजी दिली नसती. कंपनी त्यांच्या ईमेलची व्यवस्था पाहणाऱ्या एका छोट्या सेवा कंपनीकडे वळली आणि ओ’ग्रेडींच्या खात्यातल्या ईमेलसाठी तिला समन्स बजावले.

इथे क्षणभर थांबावे. पत्रकाराने शब्द दिला होता आणि तो पाळायला तयारही होता. पण सूत्राचे पत्र त्याच्या खिशात नव्हते, तिसऱ्याच्या कपाटात होते आणि त्या तिसऱ्याने सूत्राला कसलाही शब्द दिलेला नव्हता.

मार्च २००५ मध्ये न्यायाधीश जेम्स क्लाइनबर्ग यांनी अ‍ॅपलच्या बाजूने निकाल दिला. लोकांना एखाद्या गोष्टीचे कुतूहल असणे आणि ती गोष्ट लोकहिताची असणे यांत फरक आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आरोग्याला धोका किंवा सरकारी गैरकारभार उघड करणारा माणूस वेगळा आणि व्यापारी गुपित फोडणारा वेगळा. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा मुद्दा आम्हाला पहिल्या वाचनात पटला होता. गिटार जोडायच्या डबीसाठी कसले आले अभिव्यक्तीस्वातंत्र्य?

पण २६ मे २००६ रोजी कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि त्याची कारणे वाचल्यावर आमचे मत बदलले. पहिले कारण तांत्रिक : साठवलेल्या संदेशांविषयीचा अमेरिकेचा जो केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार दिवाणी दाव्यातल्या समन्सवर ईमेल कंपनी ग्राहकाच्या पत्रांतला मजकूर देऊच शकत नाही. दुसरे कारण आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे. सूत्राचे नाव न सांगितल्याबद्दल पत्रकाराला न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा करता येत नाही, अशी तरतूद कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १९८० पासून आहे. हे संरक्षण छापील वृत्तपत्रालाच की संकेतस्थळालाही? न्यायालयाने म्हटले, संकेतस्थळालाही. कोणती पत्रकारिता खरी आणि कोणती खोटी, कोणती बातमी मोलाची आणि कोणती फालतू, हे निवडत बसणे न्यायालयाचे काम नाही. तिसरे, अ‍ॅपलने आधी आपले घर धुंडाळायला हवे होते. कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांकडे चौकशी केली होती, पण शपथेवर त्यांचे जबाब घेतले नव्हते. पत्रकाराकडे जाणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

न्यायाधीशांना ‘ही बातमी फालतू’ म्हणण्याचा अधिकार एकदा दिला की तो अ‍ॅपलच्या डबीपाशी थांबत नाही. आमच्यासारख्या छोट्या, जाहिरातींविना चालणाऱ्या, चार कार्यकर्त्यांच्या पगारातून उभ्या राहिलेल्या संकेतस्थळाची कुठली बातमी कुणाला फालतू वाटेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था संकेतस्थळांच्या बाजूने लढली आणि शेवटी अ‍ॅपलला सुमारे ७ लाख डॉलर वकिली खर्चापोटी भरावे लागले. ‘अ‍ॅस्टेरॉइड’ बाजारात कधीच आले नाही.

त्याच काळात अ‍ॅपलने ‘थिंक सिक्रेट’ या संकेतस्थळावरही दावा लावला. ते चालवणारा निक सियारेली हा हार्वर्डचा १९ वर्षांचा विद्यार्थी होता, वयाच्या तेराव्या वर्षापासून तो ते चालवत होता. मॅक मिनी या स्वस्त संगणकाची त्याची बातमी खरी निघाली होती. डिसेंबर २००७ मध्ये तडजोड झाली : त्याने एकाही सूत्राचे नाव दिले नाही, पण संकेतस्थळ बंद केले. शब्द पाळला, पण वर्तमानपत्र गेले. या हिशेबात जिंकले कोण, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

कंपन्या शोधतात कसे

न्यायालयाची वाट बंद झाली तरी कंपन्यांकडे दुसऱ्या वाटा असतात. ह्युलेट-पॅकार्ड ही कंपनी २००६ साली यात सापडली. संचालक मंडळातल्या चर्चा सीनेट या वृत्तसंस्थेत छापून येत होत्या. नाव शोधण्यासाठी कंपनीने नेमलेल्या खासगी तपासनिसांनी फोन कंपन्यांना फोन करून ‘मी तोच ग्राहक बोलतोय’ असे भासवले आणि संचालकांच्या व नऊ पत्रकारांच्या फोनच्या नोंदी मिळवल्या. एवढ्यावर थांबले नाहीत. कंपनीतला नाराज कर्मचारी असे सोंग घेऊन त्यांनी एका महिला पत्रकाराला ईमेल केला आणि त्याला माग काढणारी फाइल जोडली. पत्रकार सूत्र शोधत होती आणि सूत्र बनून कंपनीच तिच्या दारात आली. प्रकरण उघड झाल्यावर अध्यक्षा पॅट्रिशिया डन यांना पद सोडावे लागले, कॅलिफोर्निया राज्याशी १ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि सोंग घेऊन फोनच्या नोंदी मिळवणे हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा ठरला.

अ‍ॅपलने २०१८ साली कर्मचाऱ्यांना ताकीद देणारे एक अंतर्गत पत्रक काढले. आदल्या वर्षी माहिती फोडणारे २९ जण पकडले आणि त्यातल्या १२ जणांना अटक झाली, असे त्यात म्हटले होते. गंमत अशी की हे पत्रकही फुटले.

गंमत नसलेली गोष्ट चीनमधली. जुलै २००९ मध्ये शेन्झेन इथल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात २५ वर्षांच्या एका कामगाराकडे नव्या आयफोनचे १६ नमुने सोपवलेले होते. त्यातला एक हरवला. कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी त्याची झडती घेतली, आपल्याला वाईट वागणूक दिली असे त्याने मित्रांना कळवले आणि त्यानंतर त्याने जीव दिला. त्याने कुणाला काही सांगितले होते असा पुरावा पुढे आला नाही. पण गुपिताची किंमत साखळीतल्या सर्वांत खालच्या माणसाकडून वसूल होते, ती अशी.

पत्रकारही या बाबतीत निर्दोष नाहीत. एप्रिल २०१० मध्ये ‘गिझमोडो’ने बारमध्ये विसरलेला आयफोनचा नमुना ५,००० डॉलर देऊन मिळवला आणि छापला. पोलिसांनी त्यांच्या संपादकाच्या घरावर छापा टाकून संगणक नेले, त्याविरुद्ध सगळे पत्रकार उभे राहिले आणि पुढे सरकारी वकिलांनी ते वॉरंट मागे घेतले. ते योग्यच झाले. पण गिझमोडोने फोन विसरणाऱ्या तरुण अभियंत्याचे नावही जगजाहीर केले होते. त्या नावाशिवाय बातमीत काहीही कमी झाले नसते. हे आम्हाला अक्षम्य वाटते.

आमच्याकडून काय झाले

दुसऱ्यांना नावे ठेवताना स्वतःचेही सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी एका संगणक कंपनीत काम करणाऱ्या तरुणाने आम्हाला नोकरकपातीच्या एका अंतर्गत सूचनेचे छायाचित्र पाठवले. नाव कुठे नव्हते, चेहरा नव्हता. आम्ही ते जसेच्या तसे लावले. अर्ध्या तासात त्याचा फोन आला, “दादा, आधी ते काढा. मागच्या बाजूला नीट बघा.” पडद्याच्या पार्श्वभूमीवर फिकट राखाडी अक्षरांत त्याचाच कर्मचारी क्रमांक पुन्हा पुन्हा छापलेला होता. आम्ही छायाचित्र काढले. त्या अर्ध्या तासात ते कंपनीत कुणी पाहिले की नाही, आम्हाला आजही ठाऊक नाही. तो आमच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

हे आम्हाला आधी कळायला हवे होते. अनेक रंगीत प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात. त्यात तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक असतो, हे २००५ सालीच उघड झाले होते. फोनने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. कंपन्या एकाच सूचनेच्या प्रती मुद्दाम थोड्या वेगळ्या करून वाटतात, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर मधल्या कुणाला वाचता येत नाही हे खरे, पण कोण कुणाशी केव्हा बोलले याचा माग राहतो आणि फोनच हातात पडला तर मजकूरही.

म्हणून आता आम्ही कागद किंवा पडद्याचे छायाचित्र छापत नाही. मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहितो, गरज असेल तिथे पुन्हा टाइप करतो. सूत्राशी त्याच्या ऑफिसच्या फोनवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर बोलत नाही. आणि ही माहिती तुमच्याशिवाय किती जणांकडे आहे, हे आधी विचारतो. उत्तर ‘तिघांकडे’ असे आले तर नाव लपवून काही उपयोग नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतात कॅलिफोर्नियासारखे कवच नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात पत्रकाराला सूत्र सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे कलम आहे, पण ते कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरते. न्यायालयासमोर त्याचा आधार नाही. विधी आयोगाने १९८३ साली आपल्या ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यात अशी तरतूद करावी असे सुचवले होते. ती झाली नाही. जुना पुरावा कायदा जाऊन जुलै २०२४ पासून नवा आला, त्यातही नाही. पेगॅसस प्रकरणातल्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचे संरक्षण हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पाया मानला. पण आदेशातले तत्त्व आणि पोलिसांनी फोन मागितल्यावर दाखवता येईल असे कलम यांत अंतर आहे. जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा संसदेने केला, पण लागू केला गेला नाही. तो लागू झाला तरी सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे, खासगी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला त्यात जागा नाही.

ऑक्टोबर २०२२ चे ‘द वायर’चे प्रकरण आपल्याकडे या सगळ्याचे उदाहरण म्हणून पुरेसे आहे. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याविषयी त्यांनी आतल्या सूत्रांच्या नावाने बातम्या दिल्या. कागदपत्रे बनावट असल्याचे पुढे आले. ज्या तज्ज्ञांनी ती तपासल्याचे सांगितले होते, त्यांनी आपण तपासलीच नाहीत असे सांगितले. द वायरने बातम्या मागे घेतल्या, माफी मागितली आणि आपल्याच एका सहकाऱ्याने फसवल्याचे म्हटले. चूक मोठीच होती : मधल्या एका माणसावर विसंबून कुणीही सूत्राला स्वतः पारखले नव्हते. पण त्यानंतर दिल्ली पोलिसांनी संपादकांच्या घरांची झडती घेऊन फोन आणि लॅपटॉप नेले. त्या यंत्रांत या बातमीशी काहीही संबंध नसलेल्या इतर सूत्रांचीही नावे असणार, याचा विचार कुणी केला? ती परत देण्याचा आदेश न्यायालयाकडून व्हायला पुढचे वर्ष उजाडले.

त्यामुळे आमच्याकडे कुणी आले की बोलणे सुरू होण्याआधीच आम्ही सांगतो : तुमचे नाव आमच्यातल्या एकाच व्यक्तीला कळेल. ते कुठल्याही फोनमध्ये किंवा वहीत लिहिले जाणार नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर देण्याची संधी आम्ही देऊ, तेव्हा तो तुमचा अंदाज बांधेल. न्यायालयाने विचारले तर आम्ही नाव देणार नाही, त्याची जी शिक्षा असेल ती आमची. पण यंत्रे जप्त झाली तर त्यात काय सापडेल यावर आमचा ताबा नसेल. हे ऐकून काही जण उठून जातात. गेल्या महिन्यात एक ताई अशाच गेल्या, आणि आठवड्याने परत आल्या त्या माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हे विचारायला.